मागं कुणी बसलं की

“मी एकटा असलो की काय न्हाय. मागं कुणी बसलं की घासतंय.”

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पाठोपाठ गॅरेजवाल्या रसूलभाई मिस्त्रींचा आवाज आला, “घासेंगाच की, अण्णा! बकरी को भैंस के पावां लगाए तुम.”

बकरी म्हणजे आमच्या शेजारच्या मलकप्पाअण्णांची जुनी करडी मोटार. तिला त्यांनी नुकतेच मूळच्यापेक्षा तीन बोटं रुंद टायर बसवले होते. समोरून पाहिलं तर एखाद्या सडपातळ बाईनं नवऱ्याच्या वहाणा घालाव्यात तशी ती दिसे. मागच्या सीटवर वजन पडलं की गाडी खाली दबायची, टायर मडगार्डच्या कडेला लागायचा आणि वळणावर घर्र-घर्र असा आवाज गल्लीभर जायचा.

अण्णांचं बाजारात भुसार मालाचं दुकान होतं. घरात ते एकटेच. माणसाकडे बघून त्याचं वजन सांगायची त्यांना सवय होती आणि तेही पोत्यात. माझे वडील ‘भरलं पोतं’, आई ‘पाऊण पोतं’. मला त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “म्याडम, तुमी अर्दं पोतं बी न्हाय. विंग्रजी शाळंत जेवाय देत न्हाईत व्हय?”

मी नुसतीच हसले. माझं तेव्हा असंच व्हायचं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. अण्णांना त्याचं काही नव्हतं. मी बोलले नाही तरी ते माझ्या वाटचंही बोलून घेत.

टायर आल्यापासून मात्र त्यांना गल्लीतला प्रत्येक माणूस गाडीत बसवून पाहायचा होता. “जरा मागं बसा की” हा त्यांचा नमस्कार झाला. दूधवाला बसला. पोस्टमन पिशवीसकट बसला आणि तीन गल्ल्या पुढे उतरून चालत परत आला. आईनं सुचवलं, “अण्णा, दुकानातलं पोतंच ठेवा ना मागे.”

“ठिवलं की, वैनी. पन पोतं काय बोलतंय व्हय? घासलं की सांगनारं मानूस पायजे.”

मलाही चार वेळा विचारलं. चारही वेळा मी “अभ्यास आहे” म्हटलं. खरं तर त्या गाडीत बसून साऱ्या गल्लीनं खिडक्यांतून आपल्याकडे पाहावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

हा सगळा खटाटोप अक्कांसाठी होता. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. तिला मंद्रूपच्या पुढे एका खेड्यात दिली होती. दर नागपंचमीला अण्णा मुराळी होऊन तिला माहेरी आणायला जात. तीन वर्षांपूर्वी येताना गाडी एका खड्ड्यात अशी आदळली की अक्कांचं डोकं वर टपाला लागलं. आणि अण्णा हसले.

“हसाय नको हुतं,” ते एकदा आईला म्हणाले. दुसऱ्या कशाबद्दल त्यांना पश्चात्ताप झालेला मी ऐकला नाही.

अक्का तेव्हा म्हणाल्या होत्या, “तुज्या गाडीत परत बसले तर बग.” त्या खरंच बसल्या नाहीत. दोन पंचम्या तशाच गेल्या.

“मग एसटीनं आणा,” आई म्हणाली.

अण्णांना ते फार लागलं. “दारात गाडी आसताना मुराळी यष्टीनं? तिच्या सासरचे काय म्हनतील? रुंद टायर म्हंजे गादी असती, वैनी. खड्डा कळनारच न्हाय तिला.”

गादी झाली होती, पण घासत होती. रसूलभाईंनी हातोडीनं मडगार्डची कड आत वळवली. आवाज थोडा कमी झाला. मग त्यांनी मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा घातला. आवाज एकदम थांबला. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी रसूलभाईंनाच मागे बसवून सात रस्ता चौकापर्यंत फिरवून आणलं. रसूलभाई कंबर धरून उतरले. “घासती नै अण्णा, मगर हड्डियां बजरीं.”

पाटा पुन्हा काढला. आवाज परत आला.

पंचमीच्या आदल्या दिवशी अण्णांनी पहाटेच कडुलिंबाला झोका बांधला. पंचावन्न वर्षांच्या बहिणीसाठी! दोर ओढून पाहिला, स्वतः बसून पाहिलं. मागच्या सीटवर चादरीची घडी घातली आणि दोन उशा ठेवल्या. मला भिंतीजवळ पाहून म्हणाले, “म्याडम, आज अक्का येती. तुमच्यापरीस दुप्पट बोलती. न्हाय, चौपट.” आणि गेले.

त्या दिवशी मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले. चार वाजल्यापासून माझं लक्ष कोपऱ्याकडे होतं. कोपऱ्यावर घर्र झालं की समजायचं, मागे अक्का आहेत. तो कर्कश आवाज ऐकू यावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

सहाच्या सुमाराला गाडी वळली. काहीही आवाज झाला नाही.

अण्णा उतरले. हातात लाह्यांची पुरचुंडी होती. आई बाहेर आली, पण काही विचारायच्या आधी तेच बोलू लागले.

“बसली हुती, वैनी. टायर बगून हासली आन् बसली. तिच्या गावातच मारुतीच्या देवळापाशी वळन आलं. घर्र झालं. म्हनाली, ‘ह्ये काय रं?’ आन् मी...” ते थांबले. “मी म्हनलं, ‘तू बसलीस म्हनून घासतंय, अक्का.’”

आईनं तोंडाला पदर लावला.

“तितंच उतरली. चालत घरला गेली. चार बाया बगत हुत्या. परत दारात गेलो तर ह्या लाह्या हातात दिल्या. आज माज्या नावाचा उपास धरलाय तिनं. भावाचा उपास. पानी बी प्याली न्हाय माज्यासाटी, पन गाडीत बसत न्हाय.”

आईला आधी हसू आलं होतं, ते विरलं. ती “चहा टाकते” म्हणून आत गेली.

अण्णांनी उशा घरात नेल्या. चादर झटकली, पुन्हा तशीच घडी घालून खांद्यावर टाकली. मग कडुलिंबाखाली जाऊन वर पाहिलं आणि झोक्याची गाठ सोडायला लागले. सकाळी ओढून ओढून घट्ट केलेली गाठ, ती सुटेना. ते नखांनी ओढत राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या वाटचंही बोलले नाहीत.

मी पुस्तक पायरीवर ठेवलं. या खेपेला वाक्य जुळवत बसले नाही. भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, “अण्णा, झोका राहू दे. उद्या पहाटे मंद्रूपची पहिली यष्टी किती वाजता आहे? मी येते तुमच्याबरोबर.”