गवताविना पाच मीटर

स्पेनमधल्या हायेन प्रांतातल्या त्या गावात ऑलिव्हच्या झाडाखालची जमीन तुळतुळीत असावी, असा दंडक आहे. गळालेलं फळ दिसलं पाहिजे आणि शेजाऱ्याला आपली टापटीप. ज्याच्या झाडाखाली गवत, त्याच्याशी सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतात. म्हणून सारा गाव श्रद्धेने तणनाशक फवारी, आणि पाऊस तितक्याच श्रद्धेने ते झऱ्यात नेऊन सोडी.

शेवटी झऱ्यावर पाटी लागली: 'पाणी वापरण्यास अयोग्य.' झऱ्याचा रखवालदार एवारिस्तो ती ठोकताना रडला. गावातलं प्रत्येक बाळ याच पाण्याने पावन झालेलं, आणि आता त्याच्या पहिल्या नातीचा बाप्तिस्मा होता.

"बाटलीतलं पाणी चालेल की," फादर सिप्रियानो म्हणाले.

"देवाला चालेल हो, फादर. माझ्या बायकोला कोण सांगणार?"

मग सेव्हिलहून संशोधक डॉ. निएवेस आल्या. हातात मूठभर चिकणमाती. "आजोबा, ही मुळात पाण्याची सखी, तणनाशक हिच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. आम्ही हिला सेंद्रिय रेणूंचा स्निग्ध अंगरखा चढवतो. मग हिला पाणी नकोसं होतं, आणि तणनाशक अंगाला येऊन घट्ट चिकटतं."

"संगतीने स्वभाव पालटला म्हणायचा! माणसाला मिळेल का असा अंगरखा?"

"आमचा प्रयोग फक्त मातीवर झालाय."

झऱ्याच्या वाटेत पसरलेली ती माती कामाला चोख निघाली. पाणी निर्मळ झालं, रविवार ठरला. एवारिस्तो पाटी उतरवायला शिडीवर चढला, तोच खालून नगरपालिकेचे सचिव फाउस्तो यांनी फाईल हलवली.

"विष धरलेली माती म्हणजे घातक कचरा. गाडी येईपर्यंत पेटीत बंद करून इथेच ठेवायची, झऱ्याच्या वरच्या अंगाला. तात्पुरती."

"गाडी कधी येणार?"

"अर्ज केलाय. पण कलम चौदा: पेटीभोवती पाच मीटर गवत नको. आगीची भीती."

"खुरप्याने काढतो."

"घातक क्षेत्रात पाऊल टाकायला मनाई आहे. फवारणी मात्र बाहेरून करता येते. कोण करणार म्हणता? रखवालदार."

एवारिस्तोने क्रूसाची खूण केली आणि नियमानुसार फवारलं. शनिवारी पाऊस पडला. रविवारी सकाळी पाणी पुन्हा अयोग्य ठरलं आणि कार्यालयाने तातडीने आणखी माती मागवली. अर्थात, आणखी पेट्या, आणखी पाच मीटर.

फादरनी बाटलीचं बूच उघडलं. नात भोकाड पसरून रडली. आजीने आवाज न करता डोळे पुसले.

जेवणावर सगळ्यांनी कलम चौदाला मनसोक्त शिव्या घातल्या. आजी म्हणाली, "मग आपणच थांबू या ना. यंदा आपल्या झाडांखाली गवत राहू दे."

काटे-चमचे थांबले. व्याही खाकरले. "म्हणजे... रस्त्यावरून दिसेल, असं?"

एवारिस्तो उठला आणि फवारणीचा पंप काढायला गेला.

हसलात? हसा. पण आधी तुमच्या अंगणातल्या फरशीची फट बघून या. परवापर्यंत तिथे गवत होतं.