दिनूकाकांची पोच

माझ्या स्वयंपाकघरातल्या एका खणात दिनूकाकांच्या दीडएकशे चिठ्ठ्या आहेत. सगळ्या हिरव्या शाईतल्या. "करंज्या पाच पोचल्या. पैकी एक वाटेत फुटली असावी. डबा उद्या." "आईंच्या गुडघ्याची बातमी पोचली. वाईट वाटले." आणि माझी सगळ्यांत लाडकी: "सकाळी सव्वासात वाजता नळावर आपण हसलात. पोचले. तोंडात ब्रश असल्याने तात्काळ उत्तर देता आले नाही."

दिनानाथ विजयकर हे गिरगावात, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती तिथे, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. वय शहात्तर. लग्न केलेलं नाही. सगळी नोकरी एका कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि पाठवणाऱ्याला 'आपला कागद पोचला' असं कळवायचं, हे काम. तिथे हिरवी शाई फक्त मोठ्या साहेबांनी वापरायची असा रिवाज होता. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काका हिरव्या शाईची बाटली घेऊन आले. आयुष्यात केलेलं बंड म्हणाल तर एवढंच.

"उत्तर काय, सवडीनं द्यावं," ते म्हणायचे. "नाही दिलं तरी एक वेळ चालतं. पण पोच त्याच दिवशी."

हे माणसांपुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण भिंतीवर पाल चुकचुकली तरी काका म्हणायचे, "ऐकलं." मांजर ओरडलं की, "हो, आहे लक्षात." आणि संध्याकाळी गॅलरीत एकटेच उभे असताना, समोर चिटपाखरू नसताना, मध्येच मान वळवून हळू आवाजात म्हणायचे, "हो, आहे. इथंच आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या बायका त्या वेळी आमचा मजला घाईघाईनं ओलांडायच्या. मी भित्री नाही. मी बँकेत लोकांच्या सह्या तपासते, त्यामुळे जिवंत माणसांवरच माझा फारसा विश्वास नाही, तर भुतांवर कुठून असणार.

तरी त्यांच्या लँडलाइनची मला भीती वाटायची. दाराशेजारच्या तिवईवर ते दुधी रंगाचं यंत्र होतं, वर क्रोशाची झालर. महिना-दोन महिन्यांतून एकदा, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ते वाजायचं. काका उठून शर्टाची वरची गुंडी लावायचे आणि मग फोन उचलायचे. "बोल," म्हणायचे. पुष्कळ वेळ ऐकायचे. मग "बरं. पोचलं," असं म्हणून ठेवून द्यायचे.

"कोण होतं काका?"

"माहीत नाही. बोलला नाही."

"मग पोच कसली दिलीत?"

"त्यानं फोन केला. फोन पोचला. तेवढं तर सांगायला हवं ना त्याला?"

एकदा ते जिन्यात भाजीवाल्याशी बोलत असताना फोन वाजला आणि मीच उचलला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, पण माणूस होता. आपल्या खोलीत कुणी उभं असलं की पाठमोऱ्यानंही कळतं, तसं कळत होतं. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. काकांना हे कळलं तेव्हा ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चिठ्ठी आली: "आपला अबोला पोचला. माझाही पोचला असेल."

त्याच सुमारास त्यांनी मला फोनविषयी एक धडा दिला होता, तो सांगून ठेवते. त्यांचा नंबर मला एंगेज लागला म्हणून मी कुरकुरत आले, तर काका घरात नव्हतेच, नुकतेच कुलूप काढत होते. "अगं, उचलला नसला तरी एंगेज लागतो," ते म्हणाले. "एकाची रिंग चालू असताना दुसऱ्यानं लावला की दुसऱ्याला एंगेज. म्हणजे तुझ्या आधी कुणीतरी वाट बघत होतं." मी मान डोलावली आणि विसरून गेले.

मग चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या. चाळ पडणार, नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही सगळे काळाचौकीच्या संक्रमण इमारतीत जाणार, असं ठरलं. लोक कपाटं कशी न्यायची याची चिंता करत होते. काकांना एकच चिंता, आपल्या फोनचा नंबर कसा न्यायचा. टेलिफोनवाले म्हणाले, त्या इमारतीत तारा टाकलेल्या नाहीत, आणि हा नंबर या एक्सचेंजबाहेर जाणार नाही.

अशात दादरच्या एका प्रदर्शनात त्यांना टिटवी भेटली. परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात कचेरी थाटलेल्या तीन पोरांच्या कंपनीचा हा स्मार्टफोन. मोठी अक्षरं, सगळं मराठीत, आणि मुख्य म्हणजे घरचा जुना लँडलाइन नंबर म्हणे त्यात घालून मिळणार होता. काकांनी तिथल्या तिथे नाव नोंदवलं आणि मलाही नोंदवायला लावलं. माझी आई म्हणाली, "टिटवी ओरडली की घराला बरं नसतं. हे नाव काय ठेवलं मेल्यांनी?" पण काकांनी फोनसाठी खादीची पिशवी शिवून घेतली, तिवईवर जागा करून ठेवली, आणि रोज पाचला कुरियरवाल्यासाठी गॅलरीत उभे राहू लागले.

टिटवी सहा महिन्यांत येणार होती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं झालं. आधी पडदा नापास झाला, मग बॅटरी फुगली, मग तिघांतला एक परदेशी गेला. कंपनीची ई-मेलं येत होती तीही बंद पडली. दीड वर्ष झालं. मी टिटवीचं नाव टाकलं होतं, तोच एक दिवस टपालानं पाकीट आलं. वर छापलेला पत्ता, आत टिटवीचं चित्र असलेला छापील कागद.

"आपण वाट पाहत आहात, याची नोंद घेण्यात आली आहे. आपला विसर पडलेला नाही."

खाली सही नव्हती. मग दर महिन्याला असं पत्र येऊ लागलं. "मागील पत्रानंतर परिस्थितीत बदल नाही. तथापि शांतता म्हणजे नकार नव्हे." पुढच्या महिन्यात: "आपण संध्याकाळी अधूनमधून दाराकडे पाहता, हे स्वाभाविक आहे." हे वाचून मी दाराकडे पाहणं सोडून दिलं. फोन विकणारी कंपनी असं का लिहील? मी काकांना दाखवलं. ते म्हणाले, "बरं लिहितात की. वेळेवर लिहितात."

सहाव्या पत्रानंतर मी रजा टाकली. "परळला जाऊन त्यांच्या तोंडावर विचारून येते," असं जिन्यातच काकांना सांगून निघाले. ते काहीतरी म्हणणार होते, पण मी खाली पोचले होते.

गिरणीच्या आवारात मागच्या बाजूला, गोदामं तोडून केलेल्या खोल्यांत ती कचेरी सापडली. दाराला साखळी होती. काचेवर टिटवीचं चित्र, एका पायावर उभी. आत चार टेबलं आणि जमिनीवर धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो कब के गये, मॅडम. छे महिना हो गया. कोई आता नहीं इधर." मी म्हटलं, मग चिठ्ठ्या कोण टाकतं? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच निघाले.

घरी आले. चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. जिन्याखालच्या माझ्या टपालपेटीत टिटवीचं पाकीट होतं. तिथेच उभ्या उभ्या उघडलं.

"आज आपण आमच्या कार्यालयात येऊन गेलात. भेट होऊ शकली नाही, याबद्दल दिलगीर आहोत."

खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. हातातली पिशवी खाली पडली आणि मी जिन्याची पहिली पायरी धरून बसले. मागे कुणी उभं आहे असं वाटत होतं आणि वळून बघायची छाती होत नव्हती. बऱ्याच वेळानं माझं लक्ष पाकिटाकडे गेलं. त्यावर टपालाचं तिकीट नव्हतं. आणि या खेपेला पत्ता छापलेला नव्हता, हातानं लिहिलेला होता. हिरव्या शाईनं. आयुष्यभर सह्या तपासणारी मी, सहा महिने माझ्या नाकाखाली हे चाललं होतं.

काका दार उघडं टाकूनच बसले होते. मी पाकीट त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"तिकीट लावायला हवं होतं," ते म्हणाले. "घाई झाली."

"कंपनी बंद पडलीय. तुम्हाला माहीत होतं?"

"माझं नववं स्मरणपत्र हातानं द्यायला गेलो होतो, तेव्हा तिथली एक मुलगी एकटीच खोकी भरत होती. रडत होती. म्हणाली, आजोबा, एकेचाळीस लोक थांबलेत, त्यांना काय लिहू तेच सुचत नाही. म्हणून लिहीतच नाही. मी म्हटलं, यादी दे इकडे. आणि कोरे कागद दे. नाक्यावरून छापून घेतो मी."

"म्हणजे एकेचाळीस लोकांना फसवताय तुम्ही."

"पत्रं काढ सगळी. एक ओळ खोटी असली तर दाखव."

मी काढली. खरंच एक ओळ खोटी नव्हती. त्यामुळे माझा संताप आणखीच वाढला. "टिटवी येणार नाही हे सहा महिने ठाऊक असून तुम्ही रोज पाचला गॅलरीत उभे राहता. कुणासाठी?"

काका उठले. कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतलं एक पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. जुनं, पिवळं पडलेलं, आणि परत आलेलं. वर शरद विजयकर असं नाव, विशाखापट्टणमचा पत्ता, आणि पोस्टमनची ओळ की इसम पत्त्यावर राहत नाही.

शरद त्यांचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर काकांनीच वाढवलेला. लागलेली नोकरी सोडून तो बोटीवर निघाला तेव्हा काका त्याला म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. दादा, घरी येऊ का, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही तर कधीतरी फोन करीन, असं खाली लिहिलं होतं.

"आठ दिवस मसुदे केले मी," काका म्हणाले. "आधी रागावून लिहिलं. मग समजावून. मग दोन्ही फाडले. नवव्या दिवशी नुसतं 'ये' लिहून पाठवलं. तोवर तो तिथून निघून गेला होता. पोच जरी टाकली असती ना नंदा, पत्र पोचलं एवढं एक कार्ड, तर थांबला असता."

पस्तीस वर्षं झाली या गोष्टीला. मध्यंतरी मुंबईच्या नंबरांपुढे दोनचा आकडा लागला, तो शरदला कुणी सांगितला असेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सांगितला असेल. मी इतक्या ठामपणे बँकेतही कधी खोटं बोललेले नाही.

एकेचाळीस जणांना शेवटचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. टिटवी येणार नाही असं स्वच्छ लिहिलं, आणि आपलं वाट पाहणं आमच्यापर्यंत पोचलं, असंही काकांनी घालायला लावलं. खाली स्वतःचं नाव आणि, चाळ पडणार म्हणून, माझ्या बँकेचा पत्ता दिला. तिघांनी उलट पोच पाठवली. काकांनी त्या तीन कार्डांना नंबर दिले.

चाळ रिकामी करायच्या दिवशी टेलिफोनवाला तार काढायला आला. काकांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, आता कुणी हा नंबर लावला तर?

"लावणाऱ्याला रिंग ऐकू येणार, काका. नंबर तुमचा चालूच ठेवलाय तुम्ही. इकडे काही नाही, पण तिकडे वाजत राहणार."

काकांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे त्याला वाटेल, आहेत आणि उचलत नाहीत," ते म्हणाले.

काळाचौकीला आम्ही पुन्हा शेजारी आलो. खोलीत तिवई आली, तिच्यावर यंत्र आलं, यंत्राची तार कापलेली. रोज पाचला काका माझ्या दारात येऊन खुर्चीवर बसतात. "लाव," म्हणतात. त्यांना स्वतःला ते ऐकवत नाही. मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा जुना नंबर लावते. चाळीच्या जागी आता पत्रे ठोकलेला खड्डा आहे. आमचा दुसरा मजला म्हणजे तिथली नुसती हवा. तिथे फोन वाजत असल्याचा आवाज माझ्या कानात येतो. अंगावर काटा येतो, अजूनही रोज येतो. मी "वाजतोय" म्हणते, काका "बरं" म्हणतात आणि घरी जातात. यातून काय मिळतं त्यांना, मी विचारलं नाही. नंबर जिवंत आहे एवढं कळत असेल.

मागच्या मंगळवारीही ते आले, बसले, "लाव" म्हणाले. मी भाजी निवडता निवडता नंबर लावला आणि फोन कानाशी धरला. मग कानापासून काढून पडद्यावरचे आकडे पाहिले. बरोबर होते. पुन्हा कानाशी धरला.

"काय गं?" काका म्हणाले.

"एंगेज लागतोय."

मला ठाऊक आहे, हे काहीही असू शकतं. कर्ज घ्या म्हणून फोन करणारी एखादी मुलगी असेल, राँग नंबर असेल, एक्सचेंजमधला बिघाड असेल. शंभर कारणं मी तुम्हाला सांगू शकेन. पण काका माझ्यासमोर बसले होते, इथे आल्यावर घेतलेला त्यांचा मोबाइल माझ्याच घरात चार्जिंगला लावलेला मला दिसत होता, आणि तो नंबर लावणारं दुसरं कुणी माझ्या माहितीत नाही.

काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

"परत लावून बघू का?" मी विचारलं.

त्यांनी हात वर केला. "थांब," ते म्हणाले. "त्याची रिंग पुरी वाजू दे आधी."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. सव्वापाचपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. मग काकांनी खिशातून कागद काढला, हिरव्या पेननं त्यावर एक शब्द लिहिला, आणि घडी करून तो पुन्हा खिशात ठेवला.