दुसऱ्या परीक्षकांचा पाय मोडतो

"यंदा चारही अंक वेळेवर काढले नाहीत, तर नाव बदलीन!" असं चालेलसरांनी वर्षाच्या पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं. हात नेमका चहाच्या बशीवर आपटला, तो भाग सोडून द्या. पण छाती ठोकून काही सांगण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी, त्यामुळे मंडळातले सगळे माना वर करून त्यांच्याकडे बघायला लागले.

चालेलसर म्हणजे मानसशास्त्राच्या अभ्यासकांचं एक मंडळ काढत असलेल्या त्रैमासिकाचे संपादक. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिलेलं. सर, परीक्षा पुढे ढकलू या का? चालेल. सर, घेऊच नये असं वाटतं. तेही चालेल. 'नाही' हा शब्द त्यांना लिहिता येत होता, वाचता येत होता, फक्त तोंडातून बाहेर पडत नव्हता. त्यांचा मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून राहायला आला आणि सरांच्या आरामखुर्चीत असा काही रुजला, की आता त्याला तिथून उठवायचं तर खुर्चीसकटच उठवावं लागलं असतं. सर आपले जेवणाच्या टेबलापाशी स्टुलावर बसून पेपर वाचायचे.

कॉलेजातून रिटायर झाल्यावर त्यांना स्वतःची म्हणावी अशी एकच जागा उरली होती. मंडळाच्या इमारतीत जिन्याशेजारची एक खोली. खोली कसली, खोलीचं पिल्लूच. एक टेबल, जुन्या अंकांचे गठ्ठे, एक करकरणारा पंखा आणि दारावर 'संपादक' अशी पितळी पाटी. येता-जाता सर त्या पाटीवरून रुमाल फिरवायचे. आदल्या वर्षी अंकांचा पार बोजवारा उडाला होता, तिसरा आणि चौथा अंक जुळ्या भावंडांसारखे एकदमच बाहेर पडले होते. त्यामुळे मंडळाच्या अध्यक्षबाईंनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, की वर्षअखेरीला संपादक ठेवायचा की बदलायचा ते ठरवू. पाटी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की उरलेला जन्म स्टुलावर! सरांनी टेबलावर हात आपटला होता तो यासाठी.

अंक रखडायचे ते लेखकांमुळे नाही, परीक्षकांमुळे. अशा नियतकालिकात लेख आला की त्यावरचं लेखकाचं नाव काढतात आणि तो दोन जाणकारांकडे पाठवतात. ते वाचून अभिप्राय देतात, घ्या, सुधारा, नाहीतर परत पाठवा. लेखक कोण ते परीक्षकांना कळत नाही आणि परीक्षक कोण ते लेखकाला कळत नाही. सगळा अंधारातला मामला. पद्धत उत्तम, फक्त दोन परीक्षक मिळायला हवेत. पहिला कसाबसा मिळतो. दुसरा म्हणजे उंबराचं फूल. आधी हो म्हणतो, मग त्याची मुलगी बाळंतीण होते, मग त्याचा कॉम्प्युटर बिघडतो, मग तो फोनच उचलत नाही.

पहिल्या अंकासाठी एक लेख आला होता, माणसं चालढकल का करतात या विषयावर. दुसऱ्या परीक्षकांनी तो ठेवून घेतला आणि चालढकल सुरू केली. छपाईची तारीख तोंडावर आली. सरांनी विनवण्या केल्या, आर्जवं केली, त्यांच्या घराच्या दारापर्यंत जाऊन आले. शेवटी खोलीचं दार लावून घेतलं आणि अभिप्राय स्वतःच लिहायला बसले. कॉम्प्युटर काही परीक्षकाच्या नावाशिवाय तो अभिप्राय घेईना, म्हणून एक नाव ठोकून दिलं, त्या नावाचा ईमेल पत्ताही काढला. ते नाव काय होतं ते सोडा. पुढे सगळं मंडळ त्यांना परखडराव म्हणायला लागलं, आपणही तेच म्हणू.

आता गंमत बघा. स्वतःच्या नावाने सरांनी लिहिलं असतं, लेख छान आहे, जरा कात्री लावली तर आणखी छान होईल. पण परखडरावांच्या नावाने लिहायला बसले आणि हात जो सुटला, तो थांबेचना. लेखकाने विषयाचा अभ्यास उद्यावर टाकला आहे आणि निष्कर्ष मात्र कालच काढून ठेवले आहेत, असं एक वाक्य लिहून झालं, तेव्हा सर स्वतःच दचकले. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने. त्या दिवशी ते घरी शीळ घालत गेले.

लेखकाने मुकाट्याने सगळं सुधारलं आणि वर आभाराचं पत्र पाठवलं, की माझं लिखाण जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मन लावून वाचलं. अंक वेळेवर निघाला. सरांना वाटलं, एकदा पचलं, आता पुन्हा नाही.

पण चटक वाईट! दुसऱ्या अंकात परखडरावांकडे तीन लेख गेले. त्यातला एक निघाला मंडळाच्या उपाध्यक्षांचा. उपाध्यक्षांनी चहा पाजून सरांना आधीच विचारून ठेवलं होतं, छापणार ना? आणि सर अर्थातच चालेल म्हणून बसले होते. परखडरावांनी मात्र तो लेख उभा-आडवा सोलून परत पाठवला. सरांनी सोबत लिहिलं, काय करणार, दुसरे परीक्षक फार कडक आहेत, मी स्वतः त्यांच्यापुढे हात टेकले आहेत. उपाध्यक्ष आठवडाभर धुसफुसले आणि बैठकीत उभं राहून म्हणाले, की या त्रैमासिकात पाठीचा कणा असलेला माणूस एकच आहे आणि दुर्दैवाने तो संपादक नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनीही डोलावली.

एव्हाना अध्यक्षबाईंच्या मनात हा माणूस भरला होता. परीक्षकाचं नाव लेखकांना सांगायचं नसतं, अध्यक्षांना सांगायला हरकत नव्हती, म्हणून त्यांनी सरांना खोदून खोदून विचारलं. सरांनी सांगितलं, फार मोठे विद्वान आहेत, पण माणूसघाणे. कुठे जात नाहीत, कुणाला भेटत नाहीत, टपालसुद्धा माझ्याच पत्त्यावर घेतात. बाई पडल्या मानसशास्त्राच्या. त्या म्हणाल्या, अशा माणसांना हळूहळू बाहेर काढावं लागतं, तिसऱ्या अंकाच्या समारंभाला मी त्यांना बोलावतेच. सर गडबडले आणि घाईघाईत त्यांनी परखडरावांचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले, तर टेबलावर फळांची ही मोठी करंडी! 'परखडरावांचा पाय लवकर बरा होवो' अशी चिठ्ठी लावलेली. मेहुणा आरामखुर्चीत बसून त्यातली द्राक्षं तोंडात टाकत होता. बायको हात कमरेवर ठेवून उभी होती.

"हे परखडराव कोण? आणि त्यांचा पाय आपल्या घरी कसा मोडला?"

सरांनी पाणी पिऊन सगळं सांगितलं, चालढकलीपासून ते पायापर्यंत. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी लिहिलेले दोन-तीन अभिप्रायही तिने चष्मा लावून वाचले. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक उमटलं, की सरांना आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं, कारण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तसं कौतुक त्यांच्या स्वतःच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"हा माणूस फार आवडला मला," ती म्हणाली. "पण अहो, हे अंगाशी येणार बरं का."

आलंच. चौथा अंकही छापून आला, चारही अंक वेळेवर निघाल्याबद्दल सर स्वतःवर खूश होते, आणि परखडरावांच्या ईमेल पत्त्यावर बाईंचं पत्र आलं. अगदी खासगी. आमच्या संपादकांना पुन्हा नेमावं की नाही, यावर तुमचं निःस्पृह मत हवं आहे. तुम्ही म्हणाल ते आम्ही मानू.

सरांना आकाश ठेंगणं झालं. आपली फाशी आणि दोर आपल्याच हातात, म्हणजे फाशी कसली, हारच! त्यांनी मोठ्या उत्साहाने लिहायला घेतलं. संपादक सज्जन आहेत, कष्टाळू आहेत, विद्वान आहेत. मग त्यांच्या लक्षात आलं, की परखडरावांनी वर्षभरात एकाही प्राण्याची अशी स्तुती केलेली नाही. वाचणाऱ्याला संशय आल्याशिवाय राहणार नाही. खरं वाटावं म्हणून एखादा दोष घालायला हवा, वरणाला फोडणी द्यावी इतपत. त्यांनी लिहिलं, फक्त त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि इथे घात झाला. हाताला सवय लागली होती. नाही म्हणता येत नाही, म्हणून सुमार लेख छापले जातात. कुणाचं मन मोडू नये म्हणून वाचकांचा वेळ मोडला जातो. ही सज्जनता नसून भित्रेपणा आहे, आणि भित्रा माणूस सगळ्यांशी गोड वागतो, कारण त्याला कुणाशीच खरं वागण्याची हिंमत नसते. इतकं लिहून सर थांबले. डोळ्यांत पाणी आलं. पण वाक्य इतकं चांगलं उतरलं होतं, की खोडवेना. आधी एवढी स्तुती केली आहे, भरपाई होईल, असं म्हणून त्यांनी ते पाठवून दिलं.

मंडळी, कमिटीने स्तुती वाचून निर्णय घेतल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि समोर बसवून अगदी हळुवार आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षापासून परखडराव संपादक होतील असं सर्वानुमते ठरलंय. तुम्ही त्यांचे सहायक म्हणून राहा. खोली तुम्हीच वापरा, ते काही येणार नाहीत. काम सगळं तुम्हालाच करावं लागेल, पण नाव त्यांचं असेल. दारावरची पाटी तेवढी बदलू.

सरांचा जीव त्या पाटीत अडकला होता. वर्षभराचा खोटेपणा आता त्यांच्याच छातीवर येऊन बसला होता. आता खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही, हे त्यांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदा ते बाईंच्या नजरेला नजर देऊन बोलले.

"बाई, परखडराव म्हणून कुणी नाहीच. तो मी आहे."

बाई दचकल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फक्त पेन बाजूला ठेवलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"असं तुम्हाला कधीपासून वाटतंय?"

सरांनी जिवाच्या आकांताने पुरावे दिले. परखडरावांची वाक्यंच्या वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. बाई म्हणाल्या, संपादक म्हणून तुम्हीच ती सगळी वाचलीत, पाठ होणारच. सरांनी मोबाइल काढून परखडरावांचा ईमेल उघडून दाखवला. बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, त्यांचा पासवर्डसुद्धा मिळवलात? हे इतकं पुढे गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. सर रडकुंडीला येऊन म्हणाले, माझ्या बायकोला विचारा, तिला सगळं माहीत आहे.

"त्याही तेच म्हणतील," बाई म्हणाल्या. "घरातल्या एकाचा भ्रम दुसऱ्याला लागतो. आपल्याच तिसऱ्या अंकात लेख होता ना त्यावर? परखडरावांनी स्वतः तपासलेला."

लेख खरोखरच चांगला होता. वर्षभरात परखडरावांनी एका फटक्यात घेतलेला तेवढा एकच. सरांनी सवयीने मान डोलावली. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, विश्रांती घ्या म्हणाल्या आणि त्यांना पार जिन्यापर्यंत पोचवायला आल्या.

ते खोलीत येऊन बसतात न बसतात, तोच परखडरावांना पत्र आलं. संपादकपद स्वीकारावं ही विनंती. शिवाय एक नाजूक गोष्ट कळवते, आपले सध्याचे संपादक हल्ली स्वतःला तुम्ही समजतात. त्यांना तोडून बोलू नका, जमेल तितकं सांभाळून घ्या.

सरांनी 'नाही' असं टाइप केलं. परखडरावांना ते सहज जमत होतं. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. परखडराव नाही म्हणाले, तर बाई दुसरा कुणीतरी आणतील, हाडामांसाचा, आणि त्याला बसायला हीच खुर्ची लागेल. सरांनी ते 'नाही' खोडलं आणि लिहिलं, पद स्वीकारतो. त्या गृहस्थांची काळजी करू नका, त्यांना सांभाळणं मला अवघड जाणार नाही.

नव्या वर्षाचा पहिला अंक वेळेवर निघाला. नव्या संपादकांनी आपल्या संपादकीयात जुन्या संपादकांचे आभार मानायचे असं ठरलं होतं. सरांनी जीव ओतून चांगलं पानभर लिहिलं, त्यांचे कष्ट, त्यांचा स्वभाव, त्यांनी या खोलीत घालवलेली वर्षं. मग चष्मा पुसून ते पुन्हा एकदा वाचलं. फारच पाल्हाळ झालं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं खोटंही. त्यांनी लाल पेन घेतलं आणि आभाराची एक ओळ ठेवून बाकी सगळं काढून टाकलं.