बाटलीवरच्या खाचा

ही गोष्ट १९३८ सालची. वऱ्हाडातल्या वरवट बकाल गावच्या उकंडरावांना काळजाचा आजार जडला. छातीत धडधड, पायांवर सूज. त्यांची बायको गोजरबाई छकड्यातून नांदुऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेली आणि औषधाची बाटली घेऊन आली. बाटलीवर कंपाउंडर वामनरावांनी खाचा कापलेली कागदी पट्टी डकवली होती. एका वेळेला एक खाच. गोजरबाईला अक्षरं येत नव्हती, खाचा येत होत्या. महिनाभरात सूज उतरली आणि उकंडराव पारावर जाऊन भांडूही लागले.

मग वरून परिपत्रक आलं. औषध जालीम असल्यामुळे बाटलीवर सावधगिरीची सूचना असावी. रोग्याच्या हिताचंच होतं. पंधरा दिवसांनी त्यात सुधारणा आली, मग सुधारणेची दुरुस्ती. जुना कागद सरकारी, तो फाडता येईना; म्हणून नवा त्याच्यावरच. चौथ्या खेपेला बाटली बंडी घातल्यासारखी दिसू लागली.

"काऊन हो कंपाउंडरसाहेब, खाचा कुठी गेल्या?"

"आहेत की. आत."

"मंग मले दिसन कशा?"

"दिसण्याबद्दल परिपत्रकात काही नाही. सूचनेत सारं लिहिलंय, वाचा."

"वाचता येत असतं तं तुमाले काऊन इचारलं असतं? तुमीच वाचून दाखवा ना भाऊ."

"डकवणं आमच्याकडे, बाई. वाचणं रोग्याकडे." वामनरावांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं अंगठा द्या. 'वाचले व समजले.'"

अंगठ्याशिवाय बाटली मिळत नव्हती. गोजरबाईनं अंगठा दिला. घरी ती अंदाजानं ओतू लागली; कमी पडू नये म्हणून जरा जास्तच. आठ दिवसांत उकंडराव ओकू लागले.

"गोजरे, करडई फुलली का वं? सारं पिवळं दिसून राह्यलं."

"आखाडात कुठची करडई? अशक्तपणा हाये तो," म्हणत तिनं आणखी एक घोट पाजला.

चौथ्या दिवशी उकंडराव गेले.

वर्षअखेरच्या सरकारी तपासणीत वामनरावांच्या दवाखान्यातल्या एकाही बाटलीवर जुनी सूचना उघडी सापडली नाही. ते हेड कंपाउंडर झाले आणि सुखानं पेन्शनीत गेले. परिपत्रकाची पाचवी सुधारणा निघाली. गोजरबाई पन्नाशीत प्रौढांच्या वर्गाला बसली. अक्षरं जुळू लागली त्या दिवशी तिनं कोनाड्यातली ती बाटली खाली काढली आणि बोट ठेवून वाचलं: 'खाचेप्रमाणे द्यावे. पिवळे दिसल्यास औषध तत्काळ बंद करावे.'

पुढे घरात येणारा प्रत्येक छापील कागद ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. तिची शिकलेली सून हसायची. शिकलेली माणसं असं वाचत बसत नाहीत, म्हणायची. सरळ खाली सही करतात.