उत्तमरावांचा चांद्रपोशाख आणि पहिल्या पावलाचा मान

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सरे, भाद्रपदमासी, मौजे धाड येथे गणपतीपुढे चंद्रस्वारी जाहली, तिची हकिकत, ज्याची भाकर खाल्ली त्याचीही भीड न धरिता, लिहिली असे.

माणूस चंद्री उतरल्याची खबर त्याच साली रेडियोवर आली, आणि मंडळाने तोच देखावा मुक्रर केला, आणि चिंतामण मास्तरांनी आपल्या किडकिडीत अंगाचे मापे पोशाख शिवविला. मग राजमान्य राजेश्री उत्तमराव पाटील यांचे चित्ती आले की, पोळ्यास तोरणाखालून पहिली जोडी आमची, होळीस पहिली पोळी आमची, तर चंद्रावर पहिले पाऊल मास्तराचे काऊन? हुकूम सुटला, आणि पोशाख बगलेत उसवून पाटलांचे मापी आणिला.

पोशाख म्हणावा तर खताच्या पोत्यांतील प्लास्टिक, वर रुपेरी रंग. शिरी गोडेतेलाचा डबा, त्यास काचेची खिडकी. उघड्या डोक्याने चारचौघांत येणे पाटीलकीस कमीपणा, सबब फेटा बांधोन वरी डबा ठोकिला; तो बसला तो बसलाच. मग मास्तरांनी सायकलच्या पंपाने हवा भरिली आणि राजेश्री टम्म जाहले.

स्वारी रॉकेटाचे शिडीवरून उतरू लागली, तो गुडघा वाकेना, काचेवर वाफ धरली, आणि पाटील पालथे पडले: पोट चंद्रावर, पाय शिडीत. आत दम कोंडला, तरी डब्यातून फर्मान आले की, आमचेआधी चंद्रावर कोणी पाय ठेवू नये. सबब अवघे मंडळ चुना फासलेल्या चंद्राभोवती हात बांधून उभे राहिले.

खालच्या आळीचे भगवानराव, पाटलांचे जुने भाऊबंद आणि जुनेच वैरी, बोलले, "पोट टेकलं हो पाटील. पाय कुठी टेकला? पोटाले मान नसते."

राजेश्रींनी आत विचार केला की, मान सोडावा तर भगवानराव जन्मभर हसणार, न सोडावा तर जन्मच सरणार; आणि निवाडा होण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली.

मग पाटलीण रुखमाबाई, ज्यांनी पोळ्याचे तोरण आजवर दुरूनच पाहिले, शिंप्याची कात्री घेऊन सरळ चंद्रावर चढल्या, आणि पोशाख टराटरा कापिला, आणि फेट्यासकट डबा उपसिला.

पहिला श्वास आत गेला, तो राजेश्री वदले, "कोनाले इचारून पाय ठेवला?"

"मान तुमाले राहू द्या," बाई बोलल्या. "मी चुलीवर डाळ ठेवून आली."

दुसरे दिवशी पंच बसले आणि निवाडा जाहला की, पहिले पाऊल पाटलांचे घराण्याचे पडले, सबब मान जागचे जागी. भगवानरावांची तक्रार खारीज. पाऊल घराण्यात नेमके कोणाचे, हे विचारण्याचे कोणास कारण पडले नाही. येणेप्रमाणे चंद्र फत्ते जाहला, आणि फत्तेची साखर पुरुषमंडळींत वाटली असे.