दत्तूकाकांची शिवारफेरी

माझे चुलते दत्तूकाका विमानात कधी बसले नाहीत, पण नेदरलँड्समधल्या माझ्या घरामागच्या कुरणांचा सातबारा त्यांनी आमच्या झरी गावात बसल्या बसल्या तयार केला होता.

काका तलाठी होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी शेत दिसलं की आधी मालक विचारायचे, पीक नंतर. मी नोकरीसाठी तिकडं गेलो तेव्हा एकटाच होतो. घर मिळालं ते गावाच्या शेवटच्या गल्लीत. पुढच्या दाराशी बसथांबा, मागचं दार उघडलं की गाई. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल आला.

"काय करायलास?"

"बसलोय."

"ऊठ. फोन घे, बाहेर चल. शहर कुठं संपतंय आन् शिवार कुठून लागतंय, ते दाखव मला."

तेव्हापासून दर रविवारी शिवारफेरी सुरू झाली. मी स्वेटरवर जाकीट चढवून, बधिर बोटांनी फोन पुढं धरून चालायचो आणि काका ओसरीवरून हुकूम सोडायचे. "डावीकडं घे. थांब, थांब. ती हद्दीची खूण हाय का?" तिकडं दोन शेतांच्या मध्ये बांध नसतो, पाण्याची चारी असते. हे कळल्यावर काकांनी ती चारी पुन्हा एकदा दाखवायला लावली. मग काळजीनं म्हणाले, "म्हंजी कुणाला बांध कोरायलाच येत न्हाई? मग ह्या लोकायची भांडणं कशावरून होतेत?"

एकदा काकांनी गाईंचा मालक कोण, असं विचारलं. मला माहीत नव्हतं.

"तीन महिने झाले शेजारी राहायलास! जा, विचारून ये."

फोन चालू ठेवूनच मी दार वाजवलं. मार्टा नावाची सत्तरीची बाई रबरी बूट घालून बाहेर आली. काकांनी फोनमधून रामराम घातला आणि गाय दूध किती देते ते विचारलं. मी दुभाष्या. आकडा ऐकून काकांनी काकूंना हाक मारली, "इकडं ये गं, ही बाई लय खोटं बोलायलीय!" एवढं वाक्य मी गाळलं. मार्टानं मला कॉफीला आत बोलावलं. त्या देशात कुणाच्या घरात पाय ठेवायची ती माझी पहिली वेळ.

चौथ्या वर्षी मला कंटाळा यायला लागला. काकांचे प्रश्नही विचित्र झाले होते. कॅमेऱ्यासमोर गाय उभी असताना "गाय हाय का तिथं?" असं विचारायचे. ते नीट बघत नाहीत, हे मी ताडलं. एका पावसाळी रविवारी मी सोफ्यावरून उठलोच नाही. फोन खिडकीकडं तोंड करून टेकवला आणि तोंडानंच फेरी काढली. "आता पूल आला, काका. आता मार्टाचा गोठा." काका "हं" म्हणत राहिले. त्यांना काहीच कळलं नाही, याची मला गंमत वाटली. पुढचे तीन रविवार मी तेच केलं. त्यानंतर काका म्हणाले, "पुरे आता. झालं बगून समदं." फेरी बंद झाली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

यंदा सुट्टीत झरीला गेलो. काका ओसरीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो, तरी ते रस्त्याकडंच तोंड करून होते. पाया पडलो तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. काचबिंदू. दोन वर्षांपासून दिसत नव्हतं.

"मला सांगितलं का न्हाई?" मी स्वयंपाकघरात काकूंना विचारलं.

"त्यायनीच सांगू दिलं न्हाई. आंधळ्याला काय दाखवायचं म्हणून पोरगं घरात बसंल, म्हणायचे." काकू भाकरी थापत होत्या. "पयल्या वर्षी फोनवर तुजं तोंड बगितलं त्यायनी. दाढी वाढलेली, भर दुपारी आंधारात बसलेला. पोरगं खचलंय म्हणले, ह्याला घराबाहेर काढलं पायजे. न्हाईतर त्यायला काय करायच्यात तिकडच्या गाई?"

"आन् शेवटचे ते रविवार..." मी अडखळलो.

"वाऱ्याचा आवाज येईना म्हणले. बुटाचाबी न्हाई." काकूंनी भाकरी उलटली. "आता त्याला नको वाटायलंय, आपुन कशाला तरास द्यावा, म्हणले."

मी ओसरीवर जाऊन काकांजवळ बसलो. "काका, तवा मी घरातच होतो. खोटं बोललो तुमाला."

त्यांनी माझा हात दाबला. "ठंडी लय असंल तिकडं," म्हणाले आणि माझ्या परतीच्या गाडीचं विचारायला लागले.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी बाहेर पडून फोन लावला. वारा सुटला होता, पायांखाली खडी वाजत होती.

"काका, चारीच्या कडंनं चाललोय. मार्टाच्या दोन गाई व्यायल्या."

"बरं झालं."

पुढं काही विचारतील म्हणून मी तसाच चालत राहिलो.

"धर, काकूशी बोल," ते म्हणाले, आणि फोन त्यांच्याकडं दिला.