डावीकडे वळणारी होडी

"त्यात काय एवढं! एका रविवारचं काम आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि सासऱ्यांचा पाय बर्फाच्या पिशवीखाली होता. त्या सकाळी ते तलावावर गेले, आपल्या जुन्या फायबरच्या होडीत नेहमीच्या जागी पाय ठेवला आणि तो पाय होडीतली प्लायवूडची जमीन फोडून पोटरीपर्यंत आत गेला. (त्याखालचं बाहेरचं कवच शाबूत होतं म्हणून बरं. नाहीतर पाय थेट माशांना भेटून आला असता.) प्लायवूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन पार कुजलं होतं. बाबांचा घोटा मुरगळला, म्हणून त्यांना आमच्या घरी आणलं, आणि होडी टेम्पोत घालून आमच्या मागच्या अंगणात आणून ठेवली.

फोनवर माझा मेहुणा होता. तो म्हणाला, "एखादा मिस्त्री बघा." मेहुणा काय म्हणतो यापेक्षा तो कुठल्या सुरात म्हणतो याचा मला नेहमी राग येतो. त्या सुरावरच मी ते रविवारचं वाक्य बोलून बसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या आशेने तिने माझ्याकडे पाहिल्याचं मला तरी आठवत नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या आशेमागे कारण होतं. सासूबाई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते, आणि आता महिनाअखेरीला मेहुणा त्यांना कायमचं आपल्या शहरात घेऊन जाणार होता. बाबा घरात बोलत नाहीत. 'हो', 'नको' आणि 'पंखा लावा' एवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. पण होडीत बसून वल्ही हातात घेतली की ते बोलतात, हे मला बायकोनेच सांगितलं होतं. ती लहान असल्यापासून दोघं बापलेक तलावाच्या पलीकडच्या काठावर जायची. जाताना-येताना बाबा काय काय सांगायचे. ते जाण्याआधी तिला एकदा, फक्त एकदा, त्यांच्याबरोबर पलीकडे जाऊन यायचं होतं. "आईबद्दल ते माझ्याशी कधी बोललेच नाहीत," ती म्हणाली. "होडीत बोलतील."

म्हणजे मला नुसती जमीन बसवायची नव्हती. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर ही कथा लिहायची वेळच आली नसती.

रविवारी सकाळी मी होडी चार जुन्या टायरांवर ठेवली. बाबांची खाट मागच्या खिडकीशी लावली होती. तिथून त्यांना माझं टक्कल आणि होडीचा काठ एवढंच दिसायचं. तेवढ्यावरून ते सूचना द्यायचे.

"जावईबापू, आतलं सगळं काढलंत की होडी लेचीपेची होते. टायरांना हात लावू नका."

"नाही लावत, बाबा!"

मी पहार घालून जमीन उचकटली. ती उचकटावी लागली नाही म्हणा, ओल्या ब्रेडसारखी हातात आली. शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावरून डोकावत होते. त्यांना रविवारी दवाखाना नसतो आणि दुसऱ्याचं दुखणं बघितल्याशिवाय करमतही नाही. ते आत आले, खिशातून पेन काढून होडीत टकटक केलं आणि ओठ मुडपले.

"कीड खोलवर गेलीये."

"म्हणजे?"

"वरवरचं भरून चालणार नाही. मुळं बघावी लागतील."

जमिनीखाली तिला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या होत्या. त्याही कुजल्या होत्या. पट्ट्यांमध्ये भरलेला फोम पाण्याने इतका जड झाला होता की पिळला तर बादली भरावी. मी सगळं खरवडून काढलं. संध्याकाळपर्यंत अंगणात कचऱ्याचा ढीग आणि टायरांवर रिकामं कवच, असा देखावा उभा राहिला. फायबरची धूळ अंगभर गेली होती. मी खाजवत खाजवत जेवलो, खाजवत झोपलो आणि सोमवारी ऑफिसात साहेबांशी बोलताना मानेपासून सुरुवात करून कुठपर्यंत खाजवत गेलो ते सांगण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी पट्ट्या आणि जमीन बसवायची होती. मी दुकानातलं सगळ्यात जाड प्लायवूड आणलं. ("मजबूत हवं ना?" मी म्हणालो. दुकानदार कशाला नाही म्हणतोय?) ते चिकटवायला रेझिन. या रेझिनमध्ये हार्डनर म्हणून थेंब थेंब काहीतरी घालायचं असतं, मग ते हळूहळू दगडासारखं कडक होतं. मी भांडी घासायच्या साबणाच्या सवयीने भसकन ओतलं. पातेल्यातून धूर यायला लागला.

"अहो, ते माझं दुधाचं पातेलं आहे!" बायको दारातून ओरडली.

"होतं," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

घट्ट व्हायच्या आत काम उरकायला हवं म्हणून मी होडीत उडी मारली आणि भराभर रेझिन फासत सुटलो. बाहेर यायला निघालो तर डावी चप्पल यायला तयार नाही. चपलेला तिथेच सोडून मी अनवाणी उतरलो. नंतर ती छिन्नीने कापून काढली. अंगठ्याचा भाग अजून तिथेच आहे.

पण हे सगळं किरकोळ. खरा घोटाळा त्याआधीच होऊन गेला होता. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी बायकोने चहा आणला. बसायला काही नव्हतं. मागच्या कोपऱ्याखालचा टायर अगदी सोयीच्या उंचीचा वाटला. मी तो ओढून काढला, त्यावर बसलो आणि चहा प्यायलो. तात्पुरता. आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात तात्पुरतं हलवलेलं कपाट तिथेच राहतं आणि माणसं त्याला वळसा घालून निवृत्त होतात. तसाच तो टायर राहिला. आतून रिकामी होडी त्या कोपऱ्यावर हळूच खाली बसली, पिळवटली, आणि मी त्या पिळवटलेल्या अवस्थेत तिला जाड प्लायवूड आणि रेझिन घालून जन्मभरासाठी पक्की करून टाकली.

खिडकीतून आवाज आला, "टायर आहेत ना जागेवर?"

"आहेत, बाबा!" मी टायरवर बसूनच सांगितलं. खोटं बोलत होतो असं नाही. टायर आहे, एवढंच डोक्यात होतं.

जमीन सुरेख दिसत होती. वर राखाडी रंग मारला. बाबा काठी टेकत बाहेर आले, काठीने जमीन ठोकून बघितली, आणि "हं" म्हणाले. बाबांचं 'हं' म्हणजे माझ्या दृष्टीने पदक होतं. त्या दिवशी मी मेहुण्याला होडीचे फोटो पाठवले. सगळ्या बाजूंनी.

मेहुणा गाडी घेऊन यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही होडी तलावावर नेली. बायकोने बाबांचा आवडता फिक्या निळ्या रंगाचा ड्रेस घातला होता. दोघं बसली. मी काठावर उभा राहून हात हलवला. बाबांनी वल्ही मारली. होडी थोडी पुढे गेली आणि डावीकडे वळली. बाबांनी उजवं वल्हं सोडून नुसतं डावं मारलं. होडी जरा सरळ झाली आणि पुन्हा डावीकडे. एक भलंमोठं वर्तुळ काढून ती माझ्या पायाशी येऊन थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

बाबा खाली उतरले, आम्हाला होडी काठावर ओढायला लावली आणि मागे जाऊन तिचा तळ एका डोळ्याने न्याहाळला. खूप वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. "टायर," ते म्हणाले. बस्स, तेवढंच.

मग प्रयोग सुरू झाले. डाव्या काठाला वजन टाकलं की होडी सरळ जाते, हे बाबांनी शोधून काढलं. बायकोला डाव्या काठाला बसवलं. तिचं वजन पुरेना. वाळूचं पोतं ठेवलं. जाड प्लायवूडमुळे होडी मुळातच जड झालेली. दोघं आणि पोतं म्हटल्यावर पाणी काठाला लागलं. पोतं एकटं ठेवलं तर वारा फिरला की त्याला हलवायला कोणी नाही. पोत्याला 'जरा मागे सरक' म्हटलेलं कळत नाही.

बाबांची नजर फिरत फिरत माझ्या पोटावर येऊन थांबली.

"जावईबापू, बसा."

मी बसलो. होडी बाणासारखी सरळ निघाली. आणि होडीत आता दोनच माणसं मावत होती.

"बाबा, तुम्ही जाऊन या," बायको काठावरून म्हणाली. "मी इथेच आहे." ती हसली. माझ्यावर चिडली असती, चारचौघांत बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसता हात हलवला. ती जागा तिची होती. तिच्यासाठीच ही सगळी खटपट होती, आणि तिथे मी माझं बूड टेकून बसलो होतो.

पलीकडे पोचलो. बाबा उतरले. मी उठायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही बसूनच राहा." मी होडीच्या डाव्या काठाला बिलगून बसून राहिलो. बाबा पाठमोरे एका दगडाशी उभे राहिले. मान हलत होती. ते कोणाशी तरी बोलत होते, अगदी हळू. तिथे त्यांच्या शेजारी तिने असायला हवं होतं. मला एक शब्दही ऐकू आला नाही. ऐकायचा मला हक्कही नव्हता.

परत आलो तेव्हा बायको त्याच जागी उभी होती. बाबा पुढे चालायला लागल्यावर तिने मला हळूच विचारलं, "बोलले?"

"हो."

"काय म्हणाले?"

काहीतरी रचून सांगावंसं वाटलं. जमलं नाही. "जाताना म्हणाले, 'थोडं मागे सरका.' येताना म्हणाले, 'थोडं पुढे.' मध्ये एकदा म्हणाले, 'शिंकायचं असेल तर आधी सांगा.'"

तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरले, आणि मग ती नुसतीच रडली. मी तिच्या शेजारून चालत राहिलो. दुसरं काही मला करता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. गाडीत बसताना त्यांनी माझा खांदा थोपटला. बायकोशी ते "पंखा बंद केलास का" एवढंच बोलले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती फाटकात उभी होती.

होडीचं काय करायचं हा प्रश्न उरला नव्हता. जायच्या आधी बाबांनी ती दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकली होती. मला मनातल्या मनात आनंद झाला. निदान ती तलावावरच राहणार होती, रोज डोळ्यांसमोर दिसणार नव्हती.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून निवांत पेपर उघडला तोच बेल वाजली. दारात डॉक्टर. डोक्यावर टोपी, हातात गळ.

"चला."

"कुठे?"

"तलावावर. होडी देताना तुमच्या सासऱ्यांनी सगळं समजावून सांगितलंय. वल्ही दोन, दोर एक आणि डाव्या बाजूला जावई एक." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चेहऱ्यावर काळजी आली. "मध्यंतरी वजन कमी नाही ना केलंत?"